कोच दूरगावी असेल तर घरातला सायकल ट्रेनर कसा निवडावा

जून लागला की कसारा, खंबाटकी, ताम्हिणी या घाटांतल्या पहाटेच्या फेऱ्या थांबतात. रस्ता निसरडा होतो आणि धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला सायकल दिसत नाही. हिवाळ्यातल्या बीआरएमची, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांची, तयारी मात्र याच चार महिन्यांत व्हायची असते. ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे तर पाया पावसाळ्यातच घालावा लागतो. म्हणून आता बरेच जण ऑनलाइन कोच धरतात आणि घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, आणतात. कोच नागपूरला, सायकलस्वार ठाण्याला, अशी जोडी आज नवलाची राहिलेली नाही.

अशा जोडीत कोचला तुमचा चेहरा दिसत नाही आणि धाप ऐकू येत नाही. संध्याकाळी त्याच्यापर्यंत पोचते ती एक फाइल. वॉट (पेडलवर लावलेली ताकद), हृदयगती, कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) आणि वेळ एवढंच तिच्यात असतं, आणि तेवढ्यावरून तो तुमचा उद्याचा व्यायाम लिहितो. म्हणून दूरच्या कोचसाठी ट्रेनर घेताना मी एकच कसोटी सर्वांत वर ठेवते: आज जेवढा जोर लावल्यावर जो आकडा दिसला, तेवढाच जोर दोन महिन्यांनी लावल्यावर तोच आकडा दिसेल का? खाली लिहिलेली प्रत्येक पायरी फिरून याच प्रश्नाकडे येते.

पायरी १ : आधी कोचशी बोला, मग दुकानात जा

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. सेल लागतो, ट्रेनर घरी येतो आणि मग कोचचा शोध सुरू होतो. त्याऐवजी कोच नक्की करा आणि त्याला चार गोष्टी विचारा. तो वॉटवर काम करतो की हृदयगतीवर? व्यायाम कुठल्या प्लॅटफॉर्मवर पाठवतो: ट्रेनिंगपीक्स, ट्रेनररोड की झ्विफ्ट? इंटरव्हल, म्हणजे मोजून जोर आणि मोजून विश्रांती असे तुकडे, एर्ग मोडवर करून घेतो का? आणि थेट व्हिडिओ कॉलवर सेशन घेतो की नंतर फक्त फाइल तपासतो?

उत्तर ‘हृदयगती आणि तुम्हाला जाणवणारे श्रम, एवढ्यावर चालवू’ असं आलं, तर महागड्या ट्रेनरची आज गरज नाही. छातीला लावायचा चांगला हृदयगती पट्टा आणि साधा ट्रेनर यांवर पहिलं वर्ष छान निघतं. पहिल्या वर्षी सातत्य अंगवळणी पडणं हेच मोठं काम असतं, आणि ते साध्या ट्रेनरवरही तितकंच होतं.

एर्ग मोडबद्दल दोन शब्द. कोचने १८० वॉट लिहिले की ट्रेनर आपला ब्रेक स्वतःच घट्ट-सैल करून तुम्हाला १८० वर धरून ठेवतो, गिअर कुठलाही असो. फाइल सरळ आणि स्वच्छ येते, म्हणून कोचना हा मोड आवडतो. धोका एक आहे. थकून कॅडन्स पडली की तोच वॉट राखण्यासाठी ट्रेनर ब्रेक आवळतो, त्यामुळे कॅडन्स आणखी पडते आणि शेवटी पाय जागेवर अडकतात. असं व्हायला लागलं तर जोर लावत बसू नका. क्षणभर थांबा, एर्ग सैल होऊ द्या, कॅडन्स ९० पर्यंत न्या आणि मग पुन्हा सुरू करा.

पायरी २ : प्रकार ओळखा

रोलर, म्हणजे तीन नळकांड्यांवर मोकळी सायकल चालवणं. तोल आणि पेडलिंगची सफाई यासाठी उत्तम. मोजून केलेल्या इंटरव्हलसाठी त्यांचा विचार सोडून द्या.

व्हील-ऑन ट्रेनरमध्ये मागचं चाक सायकलवरच राहतं आणि टायरला एक रोलर टेकतो. त्यात मॅग्नेटिक आणि फ्लुइड असे साधे प्रकार आहेत, आणि स्वतः ब्रेक बदलणारा ‘स्मार्ट’ प्रकारही आहे. साध्या ट्रेनरला वॉट मोजता येत नाहीत. ॲप चाकाचा वेग पाहून, त्या ट्रेनरच्या ठरावीक आलेखावरून वॉटचा अंदाज बांधतं. इथेच बहुतेकांची फसगत होते, आणि माझीही झाली होती.

माझा पहिला ट्रेनर असाच होता. पहिल्या टेस्टला एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद, वॉटमध्ये) १९० आला, सहा आठवड्यांनी २१२. मी हरखले. कोचने त्या आकड्यावर इंटरव्हल बेतले आणि तिसऱ्या आठवड्यात पाय पूर्ण संपले, सकाळची नाडी चढी, झोप उडालेली. कारण टायरमध्ये सापडलं. पहिल्या टेस्टला हवा कमी होती आणि रोलर घट्ट आवळलेला होता. दुसऱ्या वेळी हवा ताजी भरलेली होती आणि स्क्रू एक फेरा सैल होता. घर्षण कमी झालं, तेवढ्याच जोरात चाक जास्त वेगाने फिरलं आणि ॲपने तो वेग म्हणजे ताकद मानली. कोचने काहीच चूक केली नव्हती. चुकीच्या आकड्यावर त्याने बरोबर निर्णय घेतला होता.

व्हील-ऑन घेणारच असाल तर हे तीन नियम भिंतीवर चिकटवा. हवा दर वेळी पंपाच्या काट्यावर मोजून तेवढीच भरायची. स्क्रू टायरला टेकल्यापासून मोजून तेवढेच फेरे आवळायचा. पहिली दहा मिनिटं यंत्र गरम होऊ द्यायचं आणि मगच आकड्यांकडे पाहायचं. नक्षीदार एमटीबी टायर यावर चालवू नका. आवाज होतो, टायर झिजतो आणि घसरला की आकडा भलताच येतो.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरवर बसवतात. चेन ट्रेनरच्याच कॅसेटवर, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचावर, फिरते. टायर, हवा, घसरण हे सगळं हिशेबातून बाहेर जातं. वॉटवर काम करणारा कोच असेल आणि खिशाला झेपत असेल तर हाच घ्या, असं मी ठामपणे सांगेन. अख्खी स्मार्ट बाइक हा सगळ्यात महाग प्रकार. घरात दोघा-तिघांना रोज चालवायची असेल आणि जागा असेल तरच तिच्याकडे बघा.

आणखी एक वाट आहे आणि दुकानदार ती सहसा सुचवत नाहीत. साधा फ्लुइड ट्रेनर आणि सायकलवर वॉट मोजणारा पॉवर मीटर, पेडलमधला किंवा क्रँकमधला. यात एर्ग मोड मिळत नाही. पण घरात आणि रस्त्यावर एकाच मोजपट्टीने मोजलेले आकडे मिळतात. वर्षातले आठ महिने बाहेर चालवणाऱ्या आणि फक्त पावसाळ्यात घरात बसणाऱ्या रँदोनरसाठी (बीआरएम करणाऱ्यासाठी) मला ही जोडी डायरेक्ट ड्राइव्हपेक्षाही सरस वाटते. कोचला वर्षभराचा धागा अखंड मिळतो.

पायरी ३ : अचूकता वाचायला शिका

खोक्यावर ±१%, ±२%, ±२.५%, ±५% असं काही छापलेलं असतं. टॅक्स निओ २टी ±१% सांगतो, वाहू किकर कोअर ±२%, एलीट सुइटो आणि टॅक्स फ्लक्स २ हे ±२.५%. याचा तुमच्या व्यायामाशी संबंध कसा लावायचा?

समजा एफटीपी २०० वॉट आहे. व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांच्या झोनपद्धतीत (झोन म्हणजे जोराचे टप्पे) झोन २ म्हणजे एफटीपीच्या ५६ ते ७५%, म्हणजे ११२ ते १५० वॉट. झोन ४ म्हणजे ९१ ते १०५%, म्हणजे १८२ ते २१० वॉट. त्याच्या वर झोन ५. आता २०० वॉटवर २% म्हणजे ४ वॉट, एवढ्याने झोन सहसा हलत नाही. ५% म्हणजे १० वॉट. तुम्ही प्रत्यक्षात २०५ देत असाल तर पडद्यावर २१५ दिसू शकतात, आणि कोचला वाटतं की थ्रेशोल्डच्या (झोन ४ च्या) व्यायामात तुम्ही झोन ५ मध्ये घुसलात.

पण छापील टक्केवारीपेक्षा सातत्याला जास्त किंमत द्या. किराणा दुकानातला काटा रोज पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल तर हिशेब लावता येतो. सोमवारी पन्नास जास्त आणि गुरुवारी तीस कमी दाखवायला लागला की वहीला अर्थ उरत नाही. ट्रेनर सतत ३% जास्त दाखवत असेल तरी चालतं, कारण तुमचा एफटीपीही त्याच ट्रेनरवर मोजलेला असतो.

म्हणून विकत घेताना विचारा: याला स्पिन-डाउन करावं लागतं का, आणि किती वेळा? स्पिन-डाउन म्हणजे ठरावीक वेगापर्यंत नेऊन पेडल सोडायचं आणि फ्लायव्हील, म्हणजे ट्रेनरचं जड फिरतं चाक, थांबायला किती वेळ घेतं ते यंत्राला मोजू द्यायचं. ते नेहमी दहा-पंधरा मिनिटं चालवून, यंत्र तापल्यावर करायचं. थंड यंत्रावर केलेलं स्पिन-डाउन न केल्यापेक्षा वाईट. निओसारख्या काही ट्रेनरना कॅलिब्रेशन लागतच नाही. आळस माणसाला असतोच, म्हणून या सोयीला मी पैसे मोजायला तयार आहे.

पायरी ४ : मोठ्या आकड्यांना भुलू नका

१८०० वॉट, २२०० वॉट, १६% चढ, २५% चढ. जाहिरातीत हेच मोठ्या अक्षरांत असतं. आपल्यातल्या बहुतेकांना हजार वॉटही काही सेकंदांपलीकडे धरता येत नाहीत, आणि एर्ग मोडमध्ये चढाची टक्केवारी वापरलीच जात नाही. आभासी घाटांत रमणार असाल तर चढाचा आकडा बघा. कोचच्या इंटरव्हलसाठी तो बिनकामाचा.

त्याऐवजी दोन टोकं तपासा. पहिलं टोक: कमी कॅडन्सवर जास्त ताकद. घाटाची तयारी करून घेणारे कोच ५० ते ६० कॅडन्सवर जड गिअरचे व्यायाम देतात. फ्लायव्हील हळू फिरत असताना ट्रेनरला पुरेसा ब्रेक लावता येतो का, हे यात कळतं. स्वस्त व्हील-ऑन इथे हात टेकतात, टायर रोलरवर घसरू लागतो.

दुसरं टोक क्वचितच कुणी बोलतं: अगदी कमी वॉट. ज्यांचं वजन कमी आहे किंवा ज्यांनी नुकती सुरुवात केली आहे, आणि यात अनेक स्त्रिया येतात, त्यांचा एफटीपी १२० असेल तर विश्रांतीचा झोन ६६ वॉटच्या खाली येतो. मोठ्या चेनरिंगवर (पुढच्या चक्रीवर) फ्लायव्हील वेगाने फिरत असताना काही ट्रेनरना इतकं हलकं होताच येत नाही. मग पडद्यावर लक्ष्य ६० आणि पायांत ८५ असा प्रकार होतो, विश्रांतीतच दम लागतो आणि कोचला वाटतं की शिस्त नाही. उपाय सोपा आहे: छोटी चेनरिंग आणि मागे मधली चक्री. तरीही घेण्याआधी दुकानात किंवा मित्राच्या घरी ५० वॉटवर पाच मिनिटं चालवून बघाच.

पायरी ५ : तुमची सायकल त्यावर बसते का?

सर्वांत जास्त परतफेडीची भांडणं इथे होतात, म्हणून घाई करू नका.

आधी बघा मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील. आपल्याकडच्या सुरुवातीच्या किमतीतल्या पुष्कळ हायब्रिड आणि एमटीबींना ७-स्पीडचं आटे असलेलं फ्रीव्हील असतं. ओळखायची खूण अशी: चक्र्या उलट फिरवा. मधली, टूल बसवायची खाच चक्र्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील काढून डायरेक्ट ड्राइव्हवर लावता येत नाही. ट्रेनरसाठी वेगळी ८-स्पीड कॅसेट घेऊन काम भागतं, पण चक्र्यांमधलं अंतर थोडं वेगळं असल्याने सगळे गिअर नीट बसत नाहीत. एर्गमध्ये एकच गिअर लागतो, म्हणून मधल्या दोन-तीन चक्र्या सुरळीत चालल्या तरी पुरे.

दुसरं, ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकाचा आस. जुन्या रोड सायकलला १३० मिमी क्विक रिलीज, हायब्रिडला बहुधा १३५ मिमी, डिस्क ब्रेकच्या नव्या रोड सायकलला १४२×१२ थ्रू ॲक्सल, बूस्ट एमटीबीला १४८×१२. पहिल्या तीनचे अडॅप्टर सहसा खोक्यात येतात. बूस्टचा अनेकदा वेगळा घ्यावा लागतो. पट्टीने मोजा, अंदाज करू नका.

तिसरं, फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर सरकवून बसवतात ती बॉडी. शिमानोची ८ ते ११ स्पीडची कॅसेट नेहमीच्या एचजी बॉडीवर बसते. पण ११-स्पीड बॉडीवर ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट लावताना मागे १.८ मिमीचा स्पेसर लागतो, आणि शिमानोच्या बहुतेक १०-स्पीड रोड कॅसेटना आणखी १ मिमीचा. स्पेसर विसरला की कॅसेट हलते आणि दोष ट्रेनरला जातो. स्रॅमच्या १२-स्पीड रोड गटाला एक्सडीआर बॉडी, शिमानोच्या १२-स्पीड एमटीबीला मायक्रो स्प्लाइन. ती बॉडी वेगळी मिळते का आणि भारतात मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. खोक्यात कॅसेट आहे की नाही तेही विचारा. बऱ्याच ट्रेनरमध्ये नसते, आणि कॅसेटबरोबर लॉकरिंगचं टूल लागतं.

झ्विफ्ट कॉगसारखा एकचक्री पर्याय असलेले ट्रेनर आता मिळतात. ८ ते १२ स्पीडपर्यंतची सायकल त्यावर चालते आणि गिअर ॲपमध्ये बदलतात. नवरा-बायकोच्या दोन वेगळ्या सायकली एकाच ट्रेनरवर चढवायच्या असतील तर ही फार मोठी सोय आहे. मात्र तुमच्या कोचचं ॲप त्या आभासी गिअरना ओळखतं का, ते पाहा.

कार्बन फ्रेम असेल तर कंपनीचं मॅन्युअल उघडा. काही कंपन्या ट्रेनरला परवानगी देतात, काही देत नाहीत. आणि डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकची चकती घाला. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड मिटतात आणि चाक परत बसत नाही.

पायरी ६ : आकडे कोचपर्यंत पोचण्याचा रस्ता

ट्रेनरवर ॲन्ट प्लस एफई-सी आणि ब्लूटूथ एफटीएमएस हे दोन्ही बिनतारी मार्ग असावेत. यांच्यामुळेच ॲपला ट्रेनरचा ब्रेक बदलता येतो. ॲन्ट प्लसचा संदेश एकाच वेळी कितीही यंत्रं ऐकू शकतात. ब्लूटूथवर अनेक ट्रेनर एका वेळी एकाच ॲपशी नियंत्रण जोडतात. ‘ट्रेनर सापडत नाही’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा असं असतं की तो शेजारच्या खोलीतल्या फोनला आधीच जोडला गेलेला असतो.

कोच थेट व्हिडिओवर सेशन घेत असेल तर एकाच फोनवर ॲप आणि कॉल दोन्ही चालवू नका. ॲप लॅपटॉपवर किंवा टॅबवर, कॉल फोनवर. फोन बाजूला, कमरेच्या उंचीवर, सायकलच्या अगदी काटकोनात ठेवा. तिरक्या कॅमेऱ्यातून गुडघ्याचा कोन चुकीचा दिसतो आणि कोच सीट उगाच वरखाली करायला लावतो.

ॲपचा महिन्याचा खर्च हिशेबात धरा. झ्विफ्ट, रूव्ही, ट्रेनररोड यांना वर्गणी आहे, मायवूश फुकट आहे. फाइल तपासायला इंटरव्हल्स डॉट आयसीयू मोफत वापरता येतं आणि कोचही ते मानतात.

वीज हा आपला खास मुद्दा. पावसाळ्यात भारनियमन नसलं तरी फांदी पडून वीज जातेच. बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह वीज गेली की ॲपपासून तुटतात आणि फाइलीचे दोन तुकडे होतात. ट्रेनरचा अडॅप्टर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. निओ २टी प्लगशिवाय, पेडलिंगमधून निघणाऱ्या विजेवरही चालतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हा गुण ±१% पेक्षा मोलाचा आहे.

पायरी ७ : खोली

पंखा घ्या. छताचा पुरत नाही, समोरून छातीवर वारा मारणारा उभा पंखा हवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. अंग तापतं, त्याच वॉटला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी चढते आणि कोचला वाटतं तुम्ही आजारी आहात. पंखा म्हणजे चैन नाही, तोही मोजमापाचाच भाग आहे.

फरशीवर जाड रबरी मॅट टाका. डायरेक्ट ड्राइव्हचा आवाज कमी असतो, पण थरथर स्लॅबमधून खाली जाते. पहाटे पाचला सुरू करणार असाल तर खालच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा घरी बोलावून दाखवा. बहुतेक तक्रारी तिथेच संपतात. हँडलवर टॉवेल टाका, कारण घामाचं मीठ स्टेमचे बोल्ट आणि हेडसेट खाऊन टाकतं. पावसाचे तुषार येणाऱ्या बाल्कनीत ट्रेनर ठेवू नका.

पायरी ८ : विकत घेताना

नवा घेत असाल तर हमीचं काम भारतात कोण करतं हे लेखी घ्या. किकर कोअरसारखा ट्रेनर १८ किलोचा असतो. दुरुस्तीसाठी तो परदेशी पाठवणं परवडत नाही, म्हणून परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून आणलेला स्वस्त ट्रेनर शेवटी महागात पडू शकतो.

जुना घ्यायला माझी हरकत नाही. सायकल ग्रुपवर चांगले, कमी वापरलेले ट्रेनर येतात. फक्त स्वतःची सायकल घेऊन जा आणि अर्धा तास चालवा. बेअरिंगची घरघर ऐका, तापल्यावर स्पिन-डाउन पुरं होतं का बघा, मूळ अडॅप्टर आणि ॲक्सलची सगळी टोकं आहेत का मोजा, फर्मवेअर (ट्रेनरच्या आतलं सॉफ्टवेअर) अजून अद्ययावत होतं का तपासा. मग १५० वॉट एर्गवर दहा मिनिटं धरा. नाडी आणि पाय स्थिर असताना आकडा वरखाली उड्या मारत असेल तर घेऊ नका, किंमत कितीही खाली आली तरी.

पायरी ९ : घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

फर्मवेअर अद्ययावत करा, स्पिन-डाउन करा आणि पहिला आठवडा फक्त हलकं चालवा. घरातली सायकल डावी-उजवीकडे डुलत नाही, त्यामुळे बसण्याची जागा दुखते. ती सवय व्हायला वेळ द्या. दुसऱ्या आठवड्यात टेस्ट घ्या. रँप टेस्टमध्ये (वॉट टप्प्याटप्प्याने वाढवत थकेपर्यंत चालवायचं) शेवटच्या एका मिनिटाच्या ताकदीचे ७५%, वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये सरासरीचे ९५% म्हणजे एफटीपी. कुठलीही घ्या, पण पुढच्या वेळी तीच घ्या. घरातला एफटीपी रस्त्यापेक्षा कमी आला तर खचू नका. अनेकांचा येतो, आणि घरातल्या व्यायामासाठी घरातलाच आकडा वापरायचा असतो. मध्येच पॉवर मीटर आणलात तर त्या दिवसापासून आकडे कुठून येतात ते कोचला कळवा, आणि दोन्हींवर एकाच वेळी अर्धा तास चालवून फरक लिहून ठेवा.

शेवटी, प्रत्येक फाइलीखाली कोचसाठी एक ओळ लिहायची सवय लावा. माझी अशी असते: ‘डायरेक्ट ड्राइव्ह, स्पिन-डाउन रविवारी, पंखा चालू, खोली २९ अंश, झोप सहा तास, तिसऱ्या इंटरव्हलला दोन मिनिटं वीज गेली.’